दालमिल घेतली म्हणजे व्हिजन आलं असं नाही भाऊ

प्रश्न विचारणारे भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की खत-बियाण्याचं दुकान आणि सोयाबीन-तुरीची हमीभाव खरेदी यावर कंपनी चालायची, आता योजनेचा पैसा संपला, कापसाची नोंदणी ॲपवर गेली, खेडा खरेदीवाले घरापुढे काटा टांगून रोख मोजतात, आणि चेअरमन साहेब म्हणतात "थांबा, पाहू". ट्रेनिंगमध्ये जो येतो तो "दूरदृष्टीचं नेतृत्व पाहिजे" म्हणून जातो, पण त्या दूरदृष्टीनं नेमकं होतं काय, हा त्यांचा सवाल.

मी आधी कापूस केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, होतो, मग एका सहकारी जिनिंगमध्ये, आणि आता बरीच वर्षं शेतकरी कंपन्यांचे हिशेब आणि भांडणं दोन्ही निस्तरतो. त्यामुळे जे लिहितो ते काट्यावर उभं राहून पाहिलेलं आहे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिले तर हा समज काढून टाका की दूरदृष्टीवाला माणूस म्हणजे पुढे काय होणार ते आधीच सांगणारा. तसा माणूस मी पाहिला नाही. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर उठलं आणि डिसेंबरपर्यंत उठलेलंच राहिलं, हे जूनमध्ये पेरणी करताना कोणाला माहीत होतं? कोणालाच नाही. मोठा बदल येतो तेव्हा पुढाऱ्याचं खरं काम म्हणजे आपण जे करून रायलो त्यातलं काय सोडायचं हे वेळेत ठरवणं, आणि सोडताना ज्याच्या खिशाला बसते त्याची सोय लावणं. नवीन काय धरायचं हे सांगणारे शंभर भेटतात, कंपनीच्या दारात कोटेशन घेऊन उभेच असतात. सोडायचं काय हे सांगणारा भेटत नाही, कारण त्यात वाईटपणा आहे.

आपल्या भागाला हे नवीनही नाही. १९७२ ला राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, शेतकऱ्याचा सगळा कापूस पणन महासंघ घेणार, व्यापाऱ्यानं हात लावायचा नाही. केंद्रावर बैलबंड्यांच्या रांगा, शेतकऱ्याचं वर्ष ग्रेडरच्या हातात, आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी येईल ते देवाला ठाऊक. पण सहकारी जिनिंग-प्रेसिंगवाल्यांचं त्यात बरं चाललं होतं. महासंघाचा कापूस यायचा, रुई-सरकी वेगळी करून गठाणी बांधून द्यायच्या, क्विंटलमागे ठरलेले पैसे घ्यायचे. माल शोधायला जायचं काम नाही, गिऱ्हाईक शोधायचं काम नाही. मग २००२ मध्ये खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या वाणाला, परवानगी मिळाली. म्हणजे बाजार आणि बियाणं दोन्ही एकाच वर्षी बदललं. पुढच्या काही वर्षांत कित्येक सहकारी जिनिंग बसल्या त्या बसल्याच. मशीन होती, मोक्याची जागा होती, फिटरपासून हमालापर्यंत माणसं अनुभवी होती, तरी बसल्या, कारण आपलं गिऱ्हाईक कोण हे त्यांनी तीस वर्षांत कधी विचारलंच नाही. त्यांच्या डोक्यात गिऱ्हाईक म्हणजे महासंघ. बंडी घेऊन येणारा शेतकरी त्यांना गर्दी वाटायचा.

इशारे नव्हते असं नाही. चुकारे थकत होते, रात्री-बेरात्री कापूस शेजारच्या राज्यात जात होता, हे तर पानटपरीवर पण लोक बोलत. मी होतो त्या जिनिंगच्या मीटिंगमध्ये त्या काळात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती अध्यक्षांच्या जीपच्या डिझेलवर. हसू येतं आता, पण आजच्या कंपन्यांचे ठराव वाचा, फार फरक नाही.

तुमच्या कंपनीचं तेच होऊ घातलंय का ते तपासून पाहा. दहा हजार एफपीओच्या (शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या) केंद्राच्या योजनेत एका कंपनीला तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चाला जास्तीत जास्त १८ लाख मिळतात, त्यातून सीईओचा पगार, अकाउंटंट, ऑफिस भाडं निघतं. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, हे पहिल्या दिवशीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तरी चौथ्या वर्षी कंपनीत गेलं की सगळे असे बसलेले दिसतात जणू रात्रीतून गारपीट झाली. याला अचानक आलेला बदल कसं म्हणायचं? हा तर तारीख देऊन आलेला पाहुणा. इथं दूरदृष्टी म्हणजे एवढंच होतं, की पहिल्या वर्षीच चेअरमननं विचारायला पाहिजे होतं, हा पैसा नसता तर आपण यातलं कोणतं काम केलं असतं?

खेडा खरेदीचं मात्र नीट समजून घ्या. हार्वर्डचे क्लेटन क्रिस्टेन्सन नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९९० च्या दशकात मांडलं की मोठ्या धंद्याला धक्का देणारा नवा गडी बहुतेक वेळा वरून येत नाही, खालून येतो. त्याचा माल सुरुवातीला हलकाच असतो, मोठा धंदा त्याच्याकडे पाहून नाक मुरडतो. अमेरिकेतल्या छोट्या पोलाद गिरण्यांनी अशीच सुरुवात केली, भंगार वितळवून बांधकामाच्या सळया करायच्या, मोठ्या कारखान्यांना त्यात नफा दिसत नव्हता म्हणून त्यांनी तो भाग खुशाल सोडला, मग या छोट्या गिरण्या एकेक पायरी वर चढत गेल्या. आपल्या गावातला खेडा खरेदीवाला जुनाच आहे, पण आता त्याच्या हातात इलेक्ट्रॉनिक काटा आहे, फोनवर रोजचा भाव आहे, आणि नोट नसली तर यूपीआय आहे. भाव तो कमीच देतो. २०२५-२६ ला मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७७१० आणि लांब धाग्याचा ८११० रुपये होता, हमीभावाच्या बराच खाली तो मागतो, वरून कट्टीही (वजनातली कपात) कापतो. तरी आपला सभासद त्यालाच देतो. आणि आपण मीटिंगमध्ये म्हणतो, लोकांना अक्कल नाही.

अक्कल आहे राजेहो. समोरच्या माणसाचं गणित पाहा. सरकारी केंद्रावर कापूस न्यायचा तर ॲपवर नोंदणी पाहिजे, सातबारा, ई-पीक पाहणी, आधार पाहिजे. २०२५ च्या हंगामात सीसीआयनं (केंद्राच्या कापूस महामंडळानं) कपास किसान ॲप आणलं तेव्हा मी एका गावात दिवसभर बसलो होतो. एका म्हाताऱ्याचं सगळं जमलं, पण आधारला जोडलेला नंबर पोराचा, पोरगा पुण्यात कंपनीत, शिफ्टमध्ये फोन जमा करून ठेवतो. ओटीपी पुण्याच्या लॉकरमध्ये आणि बाबा इथं ओट्यावर. संध्याकाळपर्यंत वाट पाहून ते म्हणाले, "जाऊ दे बाप्पा, शेठले देतो, त्याले काही नंबर लागत नाही." पुढं गाडी केंद्रावर नेली तरी ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भावात कपात, १२ च्या वर गेला तर गाडी परत, परत आणायचं भाडं शेतकऱ्याच्या अंगावर. मग दोन पैसे कमी घेऊन दारातच मोकळा होतो तो माणूस चुकतो कुठं?

इथं पुढारी असेल तर तो आपलं घोषवाक्य सोडतो. "सभासदाला हमीभाव मिळवून देऊ" हे वाक्य बोर्डावर छान दिसतं, पण सभासदाचं दुखणं भावाइतकंच नगदीचं आहे, दवाखाना आहे, लेकीची फी आहे, रब्बीची पेरणी आहे. दारव्ह्याकडची एक कंपनी आहे, नाव नको, त्यांच्या अध्यक्षानं सरळ सांगितलं की आपण भावाची स्पर्धा करायचीच नाही, चुकाऱ्याच्या दिवसांची करायची. माल गोदामात आला की दुसऱ्या दिवशी किमतीचा मोठा हिस्सा खात्यात, बाकीचा विकल्यावर. त्यासाठी पैसा कुठून आणला? सोयाबीन आणि तुरीला पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहेच, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. योजना नव्वदच्या दशकापासून आहे, वापरतात किती ते विचारू नका. आणि खेळतं भांडवल मोकळं करायला त्यांनी खताच्या दुकानाची उधारी बंद केली. हे सोडणं झालं. उधारी बंद केल्यावर दोन संचालकांनी राजीनामे दिले, कारण सगळ्यात जास्त उधारी त्यांच्याच नातेवाइकांवर होती. अध्यक्षानं राजीनामे घेतले. पण लहान शेतकऱ्यासाठी एक पळवाट ठेवली, पाच एकराच्या आतल्याला तुरीच्या मालावर खत मिळेल, उधारीवर नाही. ज्याला बसते त्याची सोय लावणं म्हणतो ते हे.

आता दालमिलचं. अनुदान आलं की दालमिल, हे विदर्भातल्या शेतकरी कंपन्यांचं ठरलेलं व्हिजन झालंय. फोटो निघतो, फीत कापतात, मग मशीन वर्षातले थोडे दिवस चालते आणि उरलेले दिवस त्यावर गोदामाची धूळ. दालमिल वाईट नाही, ज्यांच्याकडे तूर येते, विकायला दुकान आहे, चुरी-कोंड्याला गिऱ्हाईक आहे, त्यांची चांगली चालते. पण मशीन घेणं म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न मागून. मी अशा कंपनीत गेलो की एकच विचारतो, मागच्या हंगामात तुमच्या सभासदांनी पिकवलेल्या तुरीतली किती टक्के तूर तुमच्याकडे आली? बहुतेक ठिकाणी सीईओ रजिस्टर चाळायला लागतो आणि चेअरमन चहा सांगतात.

बाहेरचं एक उदाहरण देतो. कोडॅकचं सगळेच देतात, डिजिटल कॅमेरा त्यांच्याच इंजिनियरनं १९७५ ला बनवला आणि २०१२ ला कंपनी दिवाळखोरीत गेली वगैरे. मला त्यांच्या जपानी स्पर्धकाचं जास्त कामाचं वाटतं, फुजीफिल्म. फोटोच्या रोलची विक्री २००० च्या सुमारास शिखरावर होती आणि त्यानंतर दणादण पडली. त्याच वेळी शिगेताका कोमोरी तिथं प्रमुख झाले. त्यांनी माणसांना कामाला लावलं ते आपण काय विकतो याच्यावर नाही, आपल्याला काय येतं याच्यावर. रोलमध्ये कोलॅजेन असतं, रंग उडू नये म्हणून काय करायचं हे त्यांना येत होतं, पातळ फिल्म एकसारखी करायला येत होती. त्यातून टीव्ही-मोबाईलच्या पडद्याला लागणारी फिल्म वाढवली, औषधात गेले, २००७ ला चेहऱ्याला लावायची क्रीमसुद्धा काढली. रोल बनवणाऱ्या कंपनीची क्रीम, लोक हसले असतील! आणि हे फुकट झालं नाही, हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या, तेही याच गोष्टीतलं आहे, ट्रेनिंगवाले सांगत नाहीत एवढंच.

तर तुमच्या कंपनीला काय येतं? दुकान सगळ्यांनाच टाकता येतं. पण कोणत्या वावरात कोणतं वाण आहे, कोणाची जमीन भारी, कोणाची बरड, कोण पऱ्हाटी (कापसाची झाडं) वेळेवर उपटतो, कोणाचा कापूस साफ येतो, हे शेठला येत नाही, ॲपलाही नाही. हे तुमचं कोलॅजेन आहे समजा. आज रुईच्या बाजारात साफ, एकाच वाणाच्या, कुठून आली ते सांगता येणाऱ्या गठाणीला वेगळं गिऱ्हाईक आहे, कस्तुरी कॉटन या भारतीय कापसाच्या ब्रँडमध्ये गठाणीवर क्यूआर कोड लावून माग ठेवतात तो याच्यासाठीच. पण त्या वाटेनं जायचं तर आधी कापूस साफ पाहिजे, आणि इथं मी एक गोष्ट पाहिली ती सांगतोच.

वर्धा जिल्ह्यातल्या एका कंपनीनं साफ कापसाचा कार्यक्रम घेतला. पोस्टर लागले, सुती झोळ्या वाटल्या, कारण खताच्या प्लास्टिक चुंगड्यांचे (पोत्यांचे) धागे कापसात येतात आणि सूतगिरणीत तो धागा रंग घेत नाही, कापडावर पांढरी रेघ उमटते. गुटख्याच्या पुड्या, केस, पाला, सगळं समजावून सांगितलं. कापूस होता तसाच येत राहिला. मग मीटिंगमध्ये एक संचालक बाई होत्या, एरवी कधी बोलत नसत, त्या म्हणाल्या, "बाईले तुम्ही किलोवर मजुरी देता अन् साफ वेच म्हणता. ते पाला-कवडी काहून निवडत बसल? तेवढ्या वेळात तिचा किलो होते." सगळे चूप. दहा हजाराच्या पोस्टरनं जे झालं नाही ते या एका वाक्यानं झालं. कंपनीनं साफ वेचणीला किलोमागे वाढीव मजुरी ठरवली, अर्धी शेतकऱ्यानं द्यायची, अर्धी कंपनीनं, आणि झोळी तपासायचं काम बायांच्याच गटाला दिलं. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी पडायला लागली. त्या कंपनीच्या अध्यक्षाचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की त्यानं मधात तोंड घातलं नाही, बाईंना पूर्ण बोलू दिलं, आणि त्याच बैठकीत ठराव लिहून घेतला. आपल्याकडे व्हिजनरी म्हटलं की एकटाच बोलणारा माणूस डोळ्यापुढे येतो, त्याला सगळं दिसतं असं त्यालाही वाटायला लागतं आणि आसपासचे लोक मग वाईट बातमी सांगणंच बंद करतात. असा पुढारी बदलाच्या काळात फार महाग पडतो.

काही बदल तर असे असतात की एकट्यानं शहाणं होऊन भागतच नाही. गुलाबी बोंडअळीचं घ्या. बीटीमुळे पहिली काही वर्षं बोंडअळी गेल्यासारखी वाटली, लोक निर्धास्त झाले, अळीला विषाची सवय होऊ नये म्हणून बियाण्यासोबत मिळणारी बिगर-बीटीची पुडी धुऱ्यावर लावायची ती कोणी लावली नाही, अन् पाणी असलं की फरदड घ्यायची, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन पुन्हा कापूस घ्यायचा, मार्च-एप्रिलपर्यंत पऱ्हाटी उभी. अळीला वर्षभर खायला मिळालं, ती त्या विषाला पचवायला शिकली, आणि २०१७ ला विदर्भभर बोंडं फोडली तर आत अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, ते तर विसरता येत नाही. आता उपाय सगळ्यांना पाठ आहे, फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीपर्यंत पऱ्हाटी उपटा, कामगंध सापळे (वासानं नर पतंग पकडणारे) लावा. पण माझ्या शेजाऱ्यानं फरदड ठेवली तर माझ्या उपटण्याला अर्थ काय? आणि ज्याच्याकडे ओलीत (पाण्याची सोय) आहे त्याला शेवटच्या वेचणीचे पैसे सोडा म्हणायचं कोणत्या तोंडानं? जिथं हे जमलं तिथं गावातल्या कोणी तरी ओलीतवाल्यानं आधी आपली पऱ्हाटी काढली, मग कंपनीनं त्या वावरात हरभऱ्याचं बियाणं वेळेवर पोचवलं, पऱ्हाटीचा चुरा करायला ट्रॅक्टरचा श्रेडर लावून दिला. पहिल्या वर्षी निम्म्या गावानं ऐकलं, दुसऱ्या वर्षी जास्त.

आणि ज्याला खरंच दूरचं पाहणं म्हणतात ते पाहायचं तर गडचिरोलीला जा, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा. पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात धरणविरोधी आंदोलनातून लोक जागे झाले, देवाजी तोफांसारखी माणसं पुढं आली, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. लोक घोषणाच लक्षात ठेवतात. मला त्यांच्या दोन सवयी महत्त्वाच्या वाटतात. एक, निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बसायचं. दोन, अभ्यासगट, म्हणजे विषय आधी समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलावून विचारायचं, पण निर्णय ग्रामसभेचा. २००६ ला वनहक्क कायदा आला तेव्हा बाकीची गावं कायदा काय आहे ते विचारत फिरत होती, यांची वीस वर्षांची तयारी झालेली होती. २००९ ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायची परवानगी मिळेना, वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. लढले, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. कायदा येईल हे देवाजींना ऐंशी साली माहीत होतं का? नाही. पण आपल्याला काय पाहिजे हे गावाला माहीत होतं, म्हणून संधी दारात आली तेव्हा ओळखता आली.

आता तुमच्या चेअरमन साहेबांचं. "थांबा, पाहू" म्हणणारा माणूस भित्रा असतोच असं नाही, पुष्कळदा त्याच्या सहीवर कर्ज असतं आणि घरचे बोलत असतात. त्यांच्याशी व्हिजन वगैरे शब्द वापरून बोलू नका, चिडतील. त्यांच्यासमोर तीन वर्षांचा साधा हिशेब ठेवा, दुकान, हमीभाव खरेदीचं कमिशन, योजनेचा पैसा, वेगवेगळा, आणि योजनेचा रकाना खोडून दाखवा. मग सभासदांपैकी तीस-चाळीस जणांच्या घरी जा, संचालकांनी स्वतः जायचं, सीईओला पाठवायचं नाही, आणि विचारा की मागच्या वर्षी माल कोणाला दिला आणि काहून दिला. भांडायचं नाही, लिहून घ्यायचं. त्यात बायांना वेगळं विचारा, घरातला पैसा कधी लागतो हे त्यांना जास्त पक्कं माहीत असतं.

एवढं झालं की सोडायची एक गोष्ट ठरवा, फक्त एक. तुमच्या प्रश्नावरून मला वाटते ती दुकानाची उधारी असावी, पण हिशेब पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. ओटीपीचं तर उद्याच करता येण्यासारखं आहे, गावातली दोन पोरं-पोरी बसवा, ज्यांचे नंबर बाहेरगावच्या पोरांचे आहेत त्यांची यादी करा आणि हंगामाच्या आधी आधार केंद्रावर नेऊन नंबर बदलून आणा, कंपनीचा खर्च गाडी भाड्याएवढा.

आणि दालमिलचं कोटेशन कोणी दिलं असेल तर ते सध्या टेबलाच्या खणात ठेवा. घरोघरच्या त्या वह्या भरल्यावर तूर किती येणार ते कळेल, तेव्हा परत काढा, आणि वाटलं तर हिशेबाचे कागद मला पाठवा, मी पाहून देतो.